घंटा झाली की उठायचं

आमच्या आश्रमात घड्याळ एकच होतं, आश्रम चालवणाऱ्या बाईंच्या खोलीत. मुलींना ते दिसत नसे. मुलींना घंटा होती. अंगणातल्या कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेने टांगलेला होता आणि त्यावर लोखंडी गज मारायचं काम माझ्याकडे होतं. उठायची घंटा, अंघोळीची, प्रार्थनेची, जेवणाची, शाळेला निघायची, दुपारच्या चहाची, संध्याकाळी अभ्यासाला बसायची आणि अभ्यासावरून उठायची. घंटा झाली की हातातलं काम जिथे असेल तिथे ठेवायचं आणि उठायचं. वेणी अर्धी झालेली असली तरी. भांडण चाललेलं असलं तरी. झोंबाझोंबीत एकीचे केस दुसरीच्या मुठीत असायचे, घंटा झाली की मूठ आपोआप सुटायची.

नवीन मुलगी आली की काही दिवस रडायची, जेवायची नाही, कुणाशी बोलायची नाही. पण घंटेला उठायला शिकायची. बाई म्हणायच्या, एवढं आलं की बाकीचं येतं. मला ते पटायचं. एवढ्या पोरी, त्यांना वाढवणाऱ्या आम्ही तिघी-चौघी, दुसरं काय करणार? आजही मला त्यात वाईट काही दिसत नाही.

मी स्वतःही तिथे आश्रितच. माझं गाव कोकणात, खाडीच्या काठाला. चौथीनंतर शाळा सुटली, कारण पाठची भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं. लग्न होऊन नागपूरला आले, नवरा इथे गिरणीत होता. तो छातीच्या आजाराने गेला. सासरच्यांनी ये म्हटलं नाही, माहेरच्यांना ये म्हणणं परवडणारं नव्हतं. गिरणीतल्या एका बाईने मला सक्करदऱ्याच्या पुढे या मुलींच्या आश्रमात आणून सोडलं. बाईंनी विचारलं, "स्वयंपाक येतो?" मी हो म्हटलं. "भाकरी?" म्हटलं, तांदळाची येते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "इथे ज्वारीची लागते, शिकाल." त्या दिवसापासून मला डोक्यावर छप्पर मिळालं. ते कधीही काढून घेतील असं मला रोज वाटायचं. कुणी तसं बोललं नव्हतं कधी. तरी माझं गाठोडं मी पुरतं सोडलं नाही. दोन लुगडी कायम बांधलेली असायची.

मुली मला मावशी म्हणायच्या आणि माझ्या बोलण्याला हसायच्या. मी सवयीने "ये गो" म्हणायचे.

"मावशी, गो गो काहून करता? आमी का गाडी हाव?" एक म्हणायची.

"मग काय म्हणू?"

"वं म्हणा ना. ये वं, जाय वं."

माझ्या तोंडून वं कधी नीट निघालं नाही.

मुली सातवीपर्यंत शाळेत जायच्या. मग बहुतेकींना शिवणवर्गात बसवत. शिवण येणारी मुलगी लवकर मागणीला येते, असा अनुभव होता. त्यांच्यातली एक मुलगी मात्र पुढे जात राहिली. आठवी झाली, नववी झाली, आणि तेव्हा अकरावीची मॅट्रिक होती, तिथवर पोचली. आश्रमातून मॅट्रिकला बसणारी ती पहिलीच. पोरींनी तिचं नावच मॅट्रिकवाली पाडलं. "सरका वं, मॅट्रिकवाली येऊन राहिली," असं म्हणून तिला नळावर वाट करून द्यायच्या आणि मग तिच्या बादलीत हात बुडवून पाणी उडवायच्या.

अभ्यासाच्या वेळी ती माझ्याजवळ येऊन बसायची, कारण ओसरीवर लहान पोरींचा गलका असायचा. मी तांदूळ निवडायचे आणि ती इतिहास म्हणून दाखवायची. मला सगळं कळायचं असं नाही. ती अडली की मी वर बघायचे, तेवढंच. एकदा मध्येच थांबून म्हणाली, "मावशी, तुमी चौथीतच काहून सोडली वं शाळा?"

"भावंडं होती ना. चार."

"म्हंजे तुमी लहानपनीच आश्रम चालवत होत्या." आणि पुन्हा इतिहास म्हणायला लागली.

तिला नर्स व्हायचं होतं. नववीत असताना तिला कावीळ झाली आणि सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. तिथल्या एका नर्सने तिला विचारलं होतं, काय खाशील? हे तिने मला पुष्कळदा सांगितलं. त्या नर्सने दिलं काय, तर मऊ भात आणि ताकच. पण आधी विचारलं होतं. नर्सच्या ट्रेनिंगला मॅट्रिक पास लागायचं.

मार्चमध्ये परीक्षा आली. केंद्र शहरातल्या महाल भागात, गल्लीतल्या एका जुन्या शाळेत. तिला सोडायला आणि आणायला बाईंनी मला पाठवलं. निघताना तिच्या हातावर दही-साखर दिली. पहिला पेपर मराठीचा, तिचा आवडता. मी समोरच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदार म्हणाला, "बसा बसा, मावशी, रोजचंच हाय हे परीक्षेचं." ऊन चढत होतं. आत घंटा झाली, पेपर सुरू झाला. मी पदराने वारा घेत बसले. मला आठवतं, बरं वाटत होतं मला. काहीतरी होऊन राहिलं आहे आणि त्यात आपला हात आहे, असं.

मग पुन्हा घंटा झाली. आणि थोड्या वेळाने ती फाटकातून बाहेर आली. पेन मुठीत धरलेलं, वेणी नीट. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय झालं गो?"

"झाला ना पेपर."

"एवढ्यात?"

"घंटी झाली ना, मावशी."

मी फाटकातून आत बघितलं. व्हरांड्यापर्यंत बाकं लावलेली होती आणि सगळी डोकी खाली होती. तीही वळली आणि बघत राहिली.

"बाकीचे काहून नाई उठले?" तिने मला विचारलं.

सायकलवाल्यानेच सांगितलं. एक तास झाल्याची ती घंटा. दर तासाला होते. पोरांना कळावं, किती वेळ उरला ते. पेपर तीन तासांचा.

तिच्या शाळेत अशी घंटा नव्हती. तिथे परीक्षा वर्गातच व्हायची, वेळ संपली की वर्गावरच्या बाई पेपर गोळा करायच्या. मी तिला हाताला धरून फाटकाशी नेलं. शिपाई म्हणाला, "पेपर देला का सरांजवळ? मंग आता नाई जाता येत. देलेला पेपर वापस नाई भेटत, मावशी." मी म्हटलं, घंटेची चूक झाली. तो म्हणाला, "घंटीची कायची चूक? घंटी तं टाइमावरच झाली."

ते खरंच होतं.

"सरांनी थांबवलं नाही तुला?" मी वाटेत विचारलं.

"इचारलं ना. झालं का म्हणे. मी म्हटलं, हो."

"आणि झालं होतं?"

"निबंध राह्यला. व्याकरन बी."

"मग हो का म्हणालीस?"

ती चालता चालता थांबली नाही. म्हणाली, "घंटी झाल्यावर झालं का म्हणून इचारलं का, हो म्हना लागते ना."

ती रडली नाही. मलाही काही वाटत नव्हतं, म्हणजे काय वाटतंय ते कळत नव्हतं. ऊन लागल्यासारखं डोकं रिकामं झालं होतं. आश्रमात पोचलो तेव्हा जेवणाच्या घंटेची वेळ होत आली होती. चुलीशी गेले, आमटी बघितली, मग कडुलिंबाशी गेले आणि घंटा दिली.

बाईंना मी सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे मिटून बसल्या. मग तिला बोलावून म्हणाल्या, "उद्यापासून कितीही घंटा होऊ दे, हलायचं नाही." ती म्हणाली, "हो बाई." आणि बाकीचे पेपर तिने शेवटपर्यंत बसून दिले. पण बसून दिले म्हणजे काय, ते तिने मला नंतर सांगितलं. "उठली नाई मी, मावशी. पन घंटी झाली का हात थांबून जाते. मंग कोरा कागद पाहत बसतो आपन."

निकाल लागला. मराठीत आणि गणितात नापास.

तोवर एक स्थळ येऊन गेलं होतं. रामटेककडचा, धानाची शेती, बायको वारलेली, दोन लहान मुलं. त्या काळी आश्रमात अशी माणसं यायची, समितीचे लोक चौकशी करायचे, मुलगी दाखवायचे आणि लग्न लावून द्यायचे. माणूस वाईट नव्हता. आंब्यांची टोपली घेऊन आला होता आणि पोरींनी कोयी कुठे कुठे फेकल्या त्या मी दोन दिवस गोळा करत होते. हिने त्याला चहा नेऊन दिला. तो तिच्याकडे न बघता कपाकडेच बघत होता. जाताना बाईंना म्हणाला, "मुलगी शांत दिसते."

नियम असा होता, की अठरा झाल्यावर मुलीला ठेवून घेता येत नाही. एकतर नोकरी, शिक्षण, नाहीतर लग्न. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा देता येते, तोवर तिला राहू द्यावं, असं बाईंनी समितीपुढे मांडलं. परीक्षेच्या दिवशी काय झालं ते सांगायला मला आत बोलावलं.

समितीत तिघे होते, बाईंच्या खोलीत बसले होते. त्यांच्यासमोर जायची माझी पहिलीच वेळ. मी फक्त झालं ते सांगितलं. घंटा झाली, ती उठली.

त्यांच्यात एक वकील होते, मोठ्याने हसले. "घंटा झाली म्हणून उठली? अहो, मॅट्रिकची मुलगी! तास झाल्याची घंटा आणि तुमची जेवणाची घंटा, फरक कळत नाही तिला? मग ऑक्टोबरात तरी काय कळणार आहे?"

खरं सांगायचं तर माझं लक्षच नव्हतं. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात चहाच्या घंटेची वेळ झाली होती, झाली होती आणि पुढे सरकत होती. हे लोक आणखी काही विचारत होते. मी म्हटलं, "घंटा द्यायची आहे, जाऊ का?"

तिघेही माझ्याकडे बघत राहिले. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे बघा. या तर इथे मोठ्या झालेल्या पण नाहीत."

वकीलसाहेब पुन्हा हसले, पण आता वेगळं. मला म्हणाले, "जा, जा, द्या घंटा." मी गेले. आत पुढे काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाईंनी नंतर सांगितलं, ऑक्टोबरपर्यंत राहू देणार. एकदाच. नाही झाली पास तर रामटेकवाल्यांना होकार कळवायचा. ते थांबायला तयार होते.

मला बाईंचे आभार मानायचे होते, पण मी आभार मानणारी कोण? मी पोळपाट धुवायला घेतला.

त्यानंतर एक दिवस ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, मी लिहत बसतो. तुमी घंटी वाजवा. मी नाई उठनार."

"आणि जेवण?"

"मागून जेवीन."

आमच्याकडे घंटेला न आलेल्या मुलीला ताट मिळत नसे. मी घाबरत बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिचं ताट झाकून ठेवा. मग रोज असं व्हायला लागलं. ती ओसरीच्या टोकाला लिहायला बसायची. मी कडुलिंबाशी जाऊन गज मारायचे. सगळ्या पोरी धावत सुटायच्या आणि ती बसून राहायची. पोरींना हे फार गमतीचं वाटलं.

"मॅट्रिकवाली बहिरी झाली वं!"

"अवं, तिच्या कानात धान पेरलं रामटेकवाल्यानं!"

हे ऐकून तीच आधी हसली, आणि हसताना तिचा हात थांबला ते मला दिसलं.

घंटा देताना माझी तिच्याकडे पाठ असायची. तेव्हा ती लिहितेय की नाही मला कळत नसे. मी गज खाली ठेवून ओरडायचे, "लिहितेय का गो?" पंगतीकडे पळणाऱ्या पोरी ओरडून सांगायच्या, "नाई, मावशी, पाहूनच राहिली!" कितीतरी दिवस हेच उत्तर. ती उठत नव्हती, पण पेन कागदावर टेकलेलं आणि निब तिथेच. एका जागी शाईचा ठिपका मोठा होत जायचा. तिच्या वहीत असे ठिपके होते, घंटेघंटेचे.

मग लहान पोरींनी तिचं बघून नवा खेळ काढला. घंटा झाली की जागेवर बसून राहायचं, कोण जास्त वेळ टिकतं ते बघायचं. अंघोळीला कुणी उठेना, प्रार्थनेला उशीर. एका सकाळी शाळेला निघायच्या घंटेला अर्ध्या पोरी अंगणात मांडी घालून बसून हसत होत्या. बाई बाहेर आल्या. मला वाटलं, झालं, आता आपलं गाठोडं. बाई पोरींना रागावल्या, दोघींना उभं केलं, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दोन महिने राहिलेत ना अजून?"

मी मान हलवली.

"दोन महिने सोसू," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवसाइतकं मला कुणाचं ऋणी वाटलेलं नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा एका संध्याकाळी मी घंटा दिली आणि सवयीने ओरडले, "लिहितेय का गो?"

"लिहून राहिली!" पोरी ओरडल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं, आपण काय म्हटलं ते, आणि पंगत सोडून सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. साहजिकच तिचा हात थांबला. पण त्यानंतर कधी लिहायची, कधी नाही. भरवसा नव्हता. परीक्षेच्या आदल्या दिवशी लिहीत नव्हती.

पुन्हा महालातलीच शाळा, पण या वेळी पेपर दुपारचा. पुन्हा सायकलवाल्याची पायरी. त्याने मला ओळखलं. "काय मावशी, मागची तेच पोरगी?" म्हटलं, तीच. तो म्हणाला, "या डावाले बसंन, पाहा." आणि ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधायला लागला. मी त्या बुडबुड्यांकडे बघत बसले. मराठीचा पेपर सुरू झाल्याची घंटा झाली. मी आत बघत नव्हते. फाटक माझ्या डाव्या हाताला होतं, तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. रामटेकच्या माणसाचा विचार येत होता. तिथे तिला काय त्रास झाला असता? कदाचित काही नाही. दोन मुलं, धानाचं शेत, घर. कुणी विचारलं नसतं, इतकंच.

तासाची घंटा झाली.

मी उठून उभी राहिले. मला कळलंच नाही मी उठले ते. सायकलवाला म्हणाला, "काय झालं, मावशी? बसा ना." मी उभीच होते आणि फाटकाकडे बघत होते. दोन मुलगे बाहेर आले, सिगारेट पेटवत गेले. शिपाई स्टुलावर बसला होता. फाटकातून आणखी कुणी येत नव्हतं. मग मी बसले. दुसऱ्या घंटेलाही उठले, आणि बसले.

शेवटी सगळा घोळका बाहेर पडला आणि त्यात ती. बोटाला शाई. तिनेच सांगितलं.

"थांबला होता हात, मावशी. पहिल्या घंटीले."

"मग?"

"मंग चालला."

गणिताच्या पेपरलाही तसंच झालं. निकाल नंतर लागला, ती पास झाली आणि रामटेककडे नाही म्हणून निरोप गेला. तो माणूस पुढे दुसऱ्या आश्रमातून मुलगी करून घेऊन गेला असं कळलं. ही नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेली, तिथे होस्टेल होतं, आणि पहिल्या सुट्टीत येऊन सांगत होती की तिथे पण घंटी आहे, मावशी, पण विजेची.

पण हे पुढचं. मराठीच्या पेपरच्या दिवशी आम्ही चालत परत आलो तेव्हा काहीच माहीत नव्हतं. वाटेत ती उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघत होती, पण माझ्याकडे पैसे नव्हते आणि तिलाही ते ठाऊक होतं. आश्रमात पोचलो तर संध्याकाळ होत आली होती आणि घंटा द्यायची वेळ झाली होती. ती पाणी प्यायला माठाशी गेली. मी तशीच, चपला न काढता, कडुलिंबाशी गेले आणि गज मारला. पोरी सगळीकडून धावत सुटल्या. मी वळले. ती माठाशी उभी होती, पेला तोंडाला लावलेला. सावकाश पीत होती. पेला संपला, तिने पुन्हा बुडवून घेतला, तोही प्यायली. मग पेला उपडा ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि पंगतीकडे चालत गेली.

मला तिला लवकर ये म्हणायचं होतं, सवयीने तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं नाही. तिचं ताट मी झाकून ठेवलेलं नव्हतं, गरम वाढलं.